‘आणि पार्टी’ म्हणजे कोण?



मार्चअखेरीस आम्ही भोकरदनला गेलो होतो. एप्रिल तोंडावर आला, की आपल्या वस्त्यांतून संध्याकाळी ढोलकीचा आवाज येऊ लागतो. गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. अशाच एका तालमीला जाऊन बसण्याचा योग आला. विहारापुढच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली, पेटी उघडलेली, ढोलकी चढवून ठेवलेली, पाण्याची कळशी भरलेली. पण गाणे काही सुरू होईना. विचारले तेव्हा कळले, की झांज वाजवणारा मुलगा अजून यायचा होता. जालन्याहून येणारी त्याची एस.टी. चुकली होती.

आम्ही म्हटले, “झांजेवाचून काय अडते? होऊ द्या सुरू.”

तसे ढोलकीवाले मामा हसले. म्हणाले, “गाणं व्हईल भाऊ, पण झांज नसली की म्हणणारे पळत्यात. मंग मी त्यायच्या मागं पळायचं का त्यायनं माह्या मागं?”

आमचे तोंड बंद झाले. विलायतेतल्या एका वाद्यमेळाची आठवण झाली. इंग्लंडात चर्चच्या मनोऱ्यातील मोठ्या घंटा वाजवणारी मंडळी सरावासाठी लहान हातघंटा वापरत. मोठ्या घंटांवर सराव केला तर सारा गाव वैतागणार, म्हणून ही सोय. पुढे या हातघंटांचाच स्वतंत्र मेळ झाला आणि तो अमेरिकेतही गेला. त्यात एकेकाच्या हाती दोन-दोन, कधी त्याहून जास्त घंटा; पण एका घंटेचा सूर एकच. आपला सूर आला की हात हलवायचा, बाकीचा वेळ गप्प राहून मोजत राहायचे. पूर्ण चाल एकट्याच्या हाती नसते. एक जण आला नाही, तर चालीत तेवढ्या जागी भोक पडते.

आपल्या गायन पार्टीचेही बरेचसे असेच. फक्त तिथे घंटांचा संच बहुधा मंडळाच्या मालकीचा असतो, आणि इथे प्रत्येकाने आपली विद्या घरून, कुठून कुठून, आणलेली असते. ती कुठून आणली, हे विचारायला त्या संध्याकाळी आम्हाला चांगला तासभर मिळाला. एस.टी. चुकली ते बरेच झाले म्हणायचे.

पहिल्यांदा ढोलकीवाल्या मामांनाच विचारले. ते म्हणाले, “माह्या आज्याच्या हातात डफ व्हता.” गावात कुणाची वरात असो की देवाची मिरवणूक, पुढे जाऊन वाजवायचे. तो ‘मान’ समजायचा. वाजवून झाले की पंगती उठेपर्यंत लांब उभे राहायचे आणि उरलेले अन्न पदरात घ्यायचे. १९५६ नंतर मामांच्या वडिलांनी ते काम सोडले. डफ आढ्याला टांगून ठेवला. गावाने बोलावणी धाडली, दमही दिला. वडील गेले नाहीत. मामा तेव्हा पोरसवदा. घरी कुणी नसताना डफ काढून वाजवत. एकदा वडिलांनी पकडले. आता मार बसणार, असे वाटले. वडील एवढेच म्हणाले, “वाजव. पण वाजवायचं तर आपल्या मंडपात.” पुढे मामा एका तमाशाच्या फडात दोन हंगाम राहून ढोलकी शिकून आले. आज सत्तरी उलटली, तरी शाईवर बोट पडले की माणसे माना डोलावतात.

पेटीवर बसलेले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. लहानपणी त्यांच्या गावी देवळात दर एकादशीला भजन होई. यांना आत जायला मनाई. देवळामागच्या भिंतीला पाठ लावून ते बसत आणि पेटीचे सूर मनात धरून ठेवत. पेटी हातात आली ती नोकरी लागल्यावर, पहिल्या वर्षाच्या पगारातून. “काळी चारमध्ये सगळं भजन मला तोंडपाठ होतं, फक्त बोटांना ठाऊक नव्हतं,” असे ते सांगतात. या पेटीचीही गंमत पाहा. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवले होते. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आपल्या वस्त्यांनी मात्र तिला एक दिवसही बाहेर ठेवले नाही.

बेंजोवाला तरुण लग्नाच्या बँडपथकात तयार झालेला. सिनेमाच्या कोणत्याही गाण्याची चाल तो दुसऱ्यांदा ऐकली की काढतो. बेंजो म्हणजे बटणे दाबून तारा छेडायचे आपले ते लांबट वाद्य. ते मूळचे जपानी, तिकडे १९१२ साली निघाले, हे आम्ही सांगितले तेव्हा त्याला खरे वाटेना. “आमच्या बँडमास्तरनं तर जालन्यातून आणला व्हता,” तो म्हणाला.

झील धरणाऱ्यांत दोन बाया आहेत. त्यांतल्या थोरल्या आक्का कुणाकडेच गाणे शिकल्या नाहीत, असे स्वतःच सांगत होत्या. थोडे खोदून विचारले, तेव्हा म्हणाल्या, “माय जात्यावर म्हणायची, मी मांडीवर निजून ऐकायची.” याला शिकणे म्हणत नाहीत, असा त्यांचा समज! आमच्या मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या मंडळींनी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या. या मंडळींनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायांची नावे-गावेही टिपून ठेवली. आक्कांना हे सांगितले, तर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माह्या मायचं नाव कुणी लिवलं असतं तर बरं झालं असतं.”

तेवढ्यात झांजवाला धापा टाकत आला आणि तालीम सुरू झाली. आम्ही ऐकत बसलो. पण आक्कांचे ते वाक्य मनातून जाईना.

आपल्या चळवळीतील गाण्याचा इतिहास पाहिला, तर हेच दिसते. कुणीही कोऱ्या हाताने आलेले नाही. नाशिककडे भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. ढोलकी, बतावणी, सवाल-जवाब तेच ठेवले आणि शाळा, सत्याग्रह, पाणी, मंदिर, व्यसन हे विषय त्यात भरले. जलसा पाहून बाबासाहेबांनी, आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशी शाबासकी दिल्याचे जुनी मंडळी सांगत आली आहेत. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, म्हणून आज एवढे तरी आपल्याला कळते.

लोककवी वामनदादा कर्डकांचे पाहा. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्म. मुंबईत अंगमेहनतीची कामे केली. मोठेपणी कुणी पत्र वाचायला दिले, ते वाचता येईना, म्हणून देहलवी मास्तरांकडून अक्षरे शिकले. १९४३ साली पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. २००४ साली ते गेले, तोवर खेडोपाडी त्यांचा आवाज पोहोचला होता. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. कव्वालीचा बाज त्यांच्या गळ्यात होता. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते, दोन्ही त्याच गळ्याने घराघरांत पोहोचवली. शाहीर विठ्ठल उमपांनी २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच अखेरचा श्वास घेतला. आणि आजच्या कडूबाई खरात? छत्रपती संभाजीनगरच्या या बाईंनी हाती धरलेली एकतारी वडिलांच्या वारशातली. तिच्यावर गायिलेली गाणी मोबाईलवरून साऱ्या महाराष्ट्राने ऐकली.

ही नावे आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. पण जुन्या कॅसेटी काढून त्यांवरचा कागद वाचा. गायकाचे नाव मोठ्या अक्षरात, फोटोही त्याचाच. कवीचे नाव असले तर असते. आणि शेवटी दोन शब्द : ‘आणि पार्टी’. ही पार्टी म्हणजे कोण? ढोलकी कुणाची, बेंजो कुणाचा, झील कुणी धरली? १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत नामांतराचा लढा चालला, तेव्हा पोलिसांची भीती, गावाचा बहिष्कार अंगावर घेऊन वाजवणारी माणसे याच दोन शब्दांत बसवलेली आहेत.

भोकरदनच्या या पार्टीतही असेच झाले आहे. खंजिरी वाजवणारे एक बाबा होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची खंजिरी पेटीवाल्या गुरुजींनी कापडात गुंडाळून विहारात जपून ठेवली आहे. आम्ही विचारले, “बाबा कुठे शिकले होते?” गुरुजींनी मामांकडे पाहिले, मामांनी आक्कांकडे. कुणालाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे एका सतरंजीवर बसलेली माणसे! पार्टीची वही आणून दाखवली. गाणी सुवाच्य लिहिलेली, प्रत्येक गाण्याखाली कवीचे नाव. वाजवणाऱ्या-म्हणणाऱ्यांचे नाव एकाही पानावर नाही. गुरुजी खजील झाले. “सगळे इथंच तर होते, लिहायचं कशाला वाटलं नाही कधी,” एवढेच म्हणाले.

आता तर काळ आणखी वेगळा आहे. साथीचे संगीत मोबाईलमध्ये भरून मिळते. गायकाला आठ माणसे जीपमध्ये घालून न्यावी लागत नाहीत. जयंतीला डी.जे. लागतो, तरुण मुले नाचतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. झांजवाला मुलगाही डी.जे.पुढे नाचतो, हे त्यानेच सांगितले. पण तालमीची वेळ तो चुकवत नाही, चुकली तर धावत येतो. का, असे विचारले तर म्हणाला, “तिथं मी नसलो तर कुणाला कळत नाही. इथं गाणं थांबतं.”

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. केळणेच्या काठी १९७३ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकाळातील भरल्या नगराच्या खुणा सापडल्या. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही मिळाली. तिच्याशी जुळणारी मूर्ती १९३८ साली पार इटलीत, पाँपेईच्या अवशेषांत निघाली होती. पण त्याहून मोलाची गोष्ट सांचीला आहे. तिथला स्तूप एका राजाच्या पैशाने पुरा झाला नाही. शेकडो साध्या माणसांनी दान दिले. कुणी कठड्याचा एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा, आणि देणाऱ्याचे नाव त्या दगडावर कोरले गेले. त्या नावांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांचीही नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावच्या माणसांनी एकेक दगड दिला आणि तो कुणाचा, हे आज वाचता येते. त्याच गावात चाळीस वर्षे खंजिरी वाजवलेल्या माणसाचा गुरू कोण, हे दोन वर्षांतच कुणाला सांगता येऊ नये, याचे आम्हाला वाईट वाटले.

म्हणून वाचकहो, एक विनंती. येत्या जयंतीपूर्वी आपल्या वस्तीतील गायन पार्टीकडे एक दोनशे पानी वही घेऊन जा. एकेका माणसासाठी एक पान ठेवा. नाव, गाव, वाद्य, कुणाकडून शिकले, पहिल्यांदा कुठे वाजवले, एवढे लिहा. जे गेले त्यांच्यासाठीही पान सोडा; त्यांच्या लेकीसुनांना विचारून भरा. वर्षावासात रोज वाचनाला माणसे जमतात, तेव्हा एका संध्याकाळी ती वही मोठ्याने वाचा. चुकले असेल तर म्हातारी माणसे दुरुस्त करतील. खर्च म्हणाल तर एका वहीचा.

भोकरदनच्या मंडळींनी त्याच रात्री सुरुवात केली. तालीम संपल्यावर गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. पहिले नाव कुणाचे लिहायचे, यावर थोडा घोळ झाला. मामा म्हणाले, गुरुजींचे लिहा. गुरुजी म्हणाले, मामांचे. शेवटी आक्का पुढे झाल्या आणि खंजिरीवाल्या बाबांचे नाव सांगितले. त्यापुढचा ‘गुरू’ हा रकाना कोरा ठेवला आहे. बाबांची बहीण सिल्लोडकडे नांदते. पुढच्या रविवारी झांजवाला मुलगा तिच्याकडे विचारायला जाणार आहे.

जयभीम!