समीक्षेचे गुण आणि श्रमाचे तास

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम १० डिसेंबर २०२० रोजी जगभरच्या बाजारात आला. या घटनेला पाच वर्षे होऊन गेली. या काळात समीक्षकांचे आणि खेळणाऱ्यांचे त्याच्याविषयीचे मत दोनदा फिरले. आधी जयजयकार झाला, आठवड्याभरात त्याची जागा संतापाने घेतली आणि तीन वर्षांनी त्याच खेळाला गौरवाच्या माळा घालण्यात आल्या. करमणुकीच्या धंद्यातील ही एक चढउतार. समाजवादी कार्यकर्त्याने तिची दखल कशासाठी घ्यायची, असे कोणी विचारील. दखल घ्यायची ती अशासाठी की, आजचा सुशिक्षित तरुण ज्या कथात्मक कलेत आपल्या संध्याकाळी घालवतो, तिची समीक्षा कोणाच्या सोयीने चालते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते.

प्रथम खेळाविषयी. अमेरिकन रचनाकार माइक पाँडस्मिथ यांनी १९८८ साली टेबलाभोवती बसून खेळायचा ‘सायबरपंक’ हा भूमिकानाट्याचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्याच विश्वावर ‘सायबरपंक २०७७’ची कथा उभी आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ‘नाइट सिटी’ या कल्पित नगरीत शासनसंस्था नावापुरती उरली आहे आणि खरी सत्ता अरासाकासारख्या महाकाय कंपन्यांच्या हाती आहे. माणसाचे डोळे, हात, मज्जातंतू बाजारात विकत मिळतात. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचे शरीरही अपुरे राहते. भाडोत्री कामे करून जगणाऱ्या ‘व्ही’ या नायकाच्या किंवा नायिकेच्या मेंदूत एक चकती बसते. अरासाकाविरुद्ध बंड करून मेलेल्या एका गायकाचे मन त्या चकतीत साठवलेले आहे. ही भूमिका कियानू रीव्हज या नटाने केली आहे. एका देहात दोन मने, आणि देह हळूहळू हातचा निसटत चाललेला, अशी ही शोकात्म कथा आहे. मक्तेदारी भांडवलशाहीवर इतकी उघड टीका असलेली कलाकृती कोट्यवधी घरांत पोचावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. कथेची आणि त्या नगरीच्या चित्रणाची समीक्षकांनी जी स्तुती केली, ती बव्हंशी योग्यच होती.

परंतु ज्या व्यवस्थेवर ही कथा टीका करते, तिच्याच नियमांनी ती तयार झाली, विकली गेली आणि जोखली गेली.

खेळाची घोषणा २०१२ साली झाली होती. पुढील आठ वर्षांत जाहिरातीने अपेक्षा इतकी चढवली की, विक्री सुरू होण्यापूर्वीच ८० लाख प्रतींची आगाऊ मागणी नोंदली गेली. निर्मितीचा आणि जाहिरातीचा सारा खर्च आगाऊ मागणीच्या उत्पन्नातूनच भरून निघत असल्याचे कंपनीने भागधारकांना कळवले. म्हणजे एकाही सामान्य ग्राहकाने माल पाहण्यापूर्वी भांडवल सुटले होते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा बाजाराचा तोल बिघडतो. हा तोल काही अंशी सावरण्याचे काम समीक्षकाचे आहे. ग्राहकाच्या आधी माल पाहणारा तो एकमेव तटस्थ डोळा. तो डोळाच बांधला तर?

नेमके तेच झाले. विक्रीपूर्वी समीक्षकांना मिळाल्या त्या केवळ संगणकावर चालणाऱ्या प्रती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या, तुलनेने स्वस्त यंत्रांवर खेळ कसा चालतो, हे पाहण्याची सोय त्यांना दिली गेली नाही. चित्रफितीच्या रूपातील समीक्षेत स्वतः टिपलेली दृश्ये दाखवायला मनाई होती. कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. या अटींखाली ७ डिसेंबरला परीक्षणे प्रसिद्ध झाली. आयजीएन या नियतकालिकाने दहापैकी नऊ गुण दिले. निरनिराळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संस्थेच्या फलकावर संगणकावरील आवृत्तीचा आकडा प्रारंभी शंभरपैकी नव्वदच्या आसपास होता. गेमस्पॉटच्या समीक्षिकेने कथेतील उणिवा आणि तांत्रिक दोष दाखवून दहापैकी सात गुण दिले, तर ज्यांनी तो खेळ अद्याप हातातही घेतला नव्हता अशा चाहत्यांनी तिच्यावर शिव्यांचा भडिमार केला. खेळातील एका दृश्याच्या लखलखाटामुळे दुसऱ्या एका समीक्षिकेला अपस्माराचा झटका आला आणि तिने लिहिल्यानंतर कंपनीने खेळात ठळक इशारा घातला. जे दोष कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत सापडायला हवे होते, ते समीक्षकाच्या शरीराने शोधून दिले.

१० डिसेंबरला जुन्या यंत्रांवर खेळ सुरू झाला आणि सत्य बाहेर आले. चित्रे धूसर, पात्रे मध्येच अदृश्य, यंत्र वारंवार बंद पडलेले. आयजीएनने या आवृत्तीचे वेगळे परीक्षण केले आणि दहापैकी चार गुण दिले. ओपनक्रिटिक या दुसऱ्या संकलन संस्थेने आपल्या पानावर ग्राहकांसाठी सावधगिरीची सूचना लावली. १४ डिसेंबरला कंपनीने माफी मागून पैसे परत देण्याची तयारी दाखवली. १७ डिसेंबरला सोनीने आपल्या विक्रीकेंद्रातून खेळ काढून टाकला. तो परत आला २१ जून २०२१ रोजी. अमेरिकेतील भागधारकांनी भरलेला दावा कंपनीने १८ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला. भागधारकाला न्यायालय होते, ग्राहकाला परतावा होता. येथे एक वर्गीय बारकावा नजरेआड होऊ नये. परीक्षण झाले ते महागड्या संगणकावर, आणि त्या परीक्षणाच्या बळावर माल विकला गेला तो ज्याला महाग संगणक परवडत नाही त्याला.

मग उरला कोण? ज्याने हा खेळ घडवला तो कामगार.

मे २०१९ मध्ये कंपनीचे संस्थापक मार्चिन इव्हिन्स्की यांनी जाहीर मुलाखतीत आश्वासन दिले होते की, कोणावरही जादा तासांची सक्ती होणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, विक्रीची तारीख वारंवार पुढे ढकलल्यावर, कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करण्याचा आदेश निघाला. पोलंडच्या कायद्याप्रमाणे जादा कामाचा मोबदला मिळणार होता आणि वार्षिक नफ्याचा दहा टक्के वाटाही कर्मचाऱ्यांत वाटला जाणार होता, हे नमूद केले पाहिजे. तरीही शनिवार गेला तो गेलाच. हे ज्या देशात घडले त्या देशाचा इतिहास आठवावा. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी ज्या २१ मागण्यांवर संप केला आणि ज्यातून ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहिली, त्यांतील एकविसावी मागणी होती शनिवारच्या सुटीची. गोदी कामगाराने सरकारी समाजवादाकडून झगडून मिळवलेला शनिवार बरोबर चाळीस वर्षांनी संगणक कामगाराने खाजगी भांडवलाला परत केला. मधल्या काळात मालक बदलला. घड्याळावरील त्याचा हक्क तसाच राहिला.

आणि आता मूळ मुद्दा. या कर्मचाऱ्यांच्या बोनसचा एक भाग मेटाक्रिटिकच्या आकड्याशी जोडलेला होता. सरासरी नव्वदच्या वर गेली तर बोनस. खेळाची दुर्दशा उघड झाल्यावर कंपनीने ही अट रद्द केली आणि बोनस देऊ केला, हे ठीक झाले. पण ही प्रथा एका कंपनीची नाही. २०१० साली आलेल्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या खेळाच्या निर्मात्यांना प्रकाशक कंपनीकडून बोनस मिळणार होता तो ८५ गुण पडले तर. पडले ८४. एका गुणासाठी बोनस बुडाला. मेटाक्रिटिक सरासरी काढताना कोणत्या नियतकालिकाला किती वजन देते, ते ती संस्था जाहीर करीत नाही. ज्या मोजपट्टीची फूटरेघ कोणालाही दाखवली जात नाही, तिच्यावर माणसांचे वेतन मोजले जाते.

याचा अर्थशास्त्रीय आशय काय? पूर्वी गिरणीत कापडाचा दर्जा पाहून मुकादम मजुरी कापीत असे. येथे समीक्षकाला त्याच्या नकळत मुकादम केले आहे. तो सात गुण देतो तेव्हा अज्ञात कामगाराच्या घरचा हप्ता चुकतो; तो नऊ देतो तेव्हा जुने यंत्र असलेला ग्राहक फसतो. निर्णय चुकीचा असेल तर तो व्यवस्थापनाचा असतो : तारीख कोणती, यंत्रे कोणती, चाचणीला वेळ किती. कंपनीच्या प्रमुखांनी स्वतः मान्य केले की, जुन्या यंत्रांसाठी अधिक वेळ हवा असल्याच्या इशाऱ्यांकडे आपण दुर्लक्ष केले. परंतु त्या निर्णयाची जोखीम खाली ढकलली जाते आणि तिच्यावर कलासमीक्षेचा शिक्का बसतो. समीक्षेचे स्वातंत्र्य आणि कामगाराचे वेतन हे दोन निराळे प्रश्न नाहीत, ते असे.

यावर एक आक्षेप येईल. समीक्षकाने कलाकृती पाहावी. ती किती तासांत, कोणाच्या घामातून झाली, याचा हिशेब त्याने का ठेवावा? मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडलेल्या कला आणि जीवन यांच्या वादात आपल्या दोन पिढ्या वाढल्या. आक्षेपात तथ्यही आहे : थकलेल्या माणसांनी केलेली कृती तेवढ्याने वाईट ठरत नाही आणि सुखी माणसांची कृती तेवढ्याने चांगली ठरत नाही. पण येथे कृतीचे दोष आणि श्रमाची स्थिती यांचे नाते थेट होते. घाईने जे मोडले तेच पडद्यावर मोडलेले दिसले. जेसन श्रायर यांच्यासारख्या पत्रकारांनी सहा दिवसांच्या आठवड्याची आणि बोनसच्या अटीची बातमी दिली, हे खरे; पण ती बातमीच्या पानावर राहिली. परीक्षणाच्या पानावर बहुधा गुण तेवढे छापले गेले. कंपनीसत्तेवरील कथेची समीक्षा करताना ती कथा घडवणाऱ्या कंपनीकडे न पाहणे, ही तटस्थता म्हणता येणार नाही.

पुढचा भाग तर अधिक बोलका आहे. कंपनीने खेळ दुरुस्त करणे सोडले नाही, याचे श्रेय दिलेच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यावर आधारित ‘एजरनर्स’ ही जपानी चलच्चित्रमालिका आली आणि लोक पुन्हा खेळाकडे वळले. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी सुधारित आवृत्ती आणि ‘फँटम लिबर्टी’ हा नवा कथाभाग आला. समीक्षकांनी दोन्हींचे मनापासून स्वागत केले. २०२४ साली ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने सतत विकसित होणाऱ्या खेळासाठीचे पारितोषिक दिले. २०२४ अखेरपर्यंत ३ कोटी प्रती खपल्या. त्याआधी २०२२ साली स्टीम या विक्रीकेंद्राच्या ग्राहकांनी मतदानाने या खेळाला जो पुरस्कार दिला, त्याच्या नावाचा मराठी अर्थ होतो ‘प्रेमाने केलेले श्रम’. श्रमाचा उल्लेख अखेर झाला, तो असा. आणि जुलै २०२३ मध्ये, ‘फँटम लिबर्टी’ बाजारात येण्याच्या दोन महिने आधी, कंपनीने सुमारे १०० जणांना, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना, टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. खेळाचे पुनर्वसन झाले. ज्यांनी ते केले त्यांतील काहींचे मात्र विस्थापन. या कपातीतूनच पोलंडमधील खेळ उद्योगातील कामगारांची संघटना उभी राहिली. आपल्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची निष्पत्ती तीच होय. आणि गौरवाच्या लेखांत तिला सर्वांत कमी जागा मिळाली.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध दूरचा नाही. परदेशी खेळ कंपन्यांची कामे आज आपल्याकडेही होतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. संगणकापुढे बसणारा आपल्याकडील तरुण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचतो आणि रात्री उशिरापर्यंत थांबणे ही आपली कर्तबगारी समजतो. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली, तेथे हा विसर पडावा हे चळवळीचेही अपयश आहे. कामगार चळवळीने त्याच्याकडे जायला हवे, आणि त्याच्या भाषेत, त्याला ठाऊक असलेली उदाहरणे घेऊन जायला हवे. ‘सायबरपंक’ हे तसे उदाहरण आहे. तो खेळ त्याने खेळलेला असण्याचा संभव मोठा आहे.

मागण्या साध्या आहेत. ज्या ज्या यंत्रावर खेळ विकायचा, त्या त्या यंत्रावरील प्रत विक्रीपूर्वी समीक्षकाला मिळाली पाहिजे; कंपनीने घातलेल्या अटी परीक्षणाच्या आरंभीच छापल्या गेल्या पाहिजेत; गुणांच्या सरासरीला वेतन किंवा बोनस बांधण्याची प्रथा बंद झाली पाहिजे; आणि कामाच्या तासांविषयीचा निर्णय संघटनेशी वाटाघाट केल्यावाचून होता कामा नये. याच खेळाचा दुसरा भाग तयार होत आहे. तो येईल तेव्हा पुन्हा गुण दिले जातील. त्या गुणांशेजारी तो किती माणसांनी, आठवड्याच्या किती दिवसांत घडवला, हेही लिहिले गेले तर समीक्षा आपल्या कामाला लागली असे म्हणता येईल.