ग्रंथपालाने काय शिकावे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या मराठी ग्रंथालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. गाव महाराष्ट्रापासून दूर उत्तरेत. ग्रंथालय आमच्यासारख्या बदलीवर आलेल्या नोकरदारांच्या आणि तीन पिढ्यांपूर्वी येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या वर्गणीवर चाललेले. सभेपुढे एक लहानसा ठराव होता. ग्रंथालयात गेली एकोणीस वर्षे काम करणाऱ्या बाईंना संगणकावर ग्रंथसूची करणे, ती जालावर प्रसिद्ध करणे आणि समाजमाध्यमांतून वाचकांशी संपर्क ठेवणे या गोष्टी शिकता याव्यात म्हणून आठवड्यातून चार तास मोकळे द्यावेत व शिकवणीचा खर्च संस्थेने सोसावा, एवढीच मागणी. ठराव दहा मिनिटांत फेटाळला गेला. एका ज्येष्ठ सभासदांनी निकाल दिला : "बाईंनी पुस्तके सांभाळावीत, फेसबुक सांभाळायला घरोघरी पोरे आहेत." सभेत हशा पिकला. लगेच पुढचा विषय निघाला आणि वर्धापनदिनाच्या सत्कारासाठी शाली, श्रीफळे व मानचिन्हे यांचा खर्च एकमताने मंजूर झाला.

आम्ही त्या सभेत होतो. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या सात जणांत आम्हीही होतो. परंतु हशा पिकला तेव्हा उठून बोलण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्या वेळी जे बोलावयास हवे होते ते आता लिहीत आहोत.

पहिला आक्षेप असा की, हे ग्रंथपालाचे कामच नव्हे. मग ग्रंथपालाचे काम कोणते? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशातील एका गणिताच्या अध्यापकाने १९३१ साली देऊन ठेवले आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी सांगितलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम थोडक्यात असे : ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. या पाचांत 'सांभाळणे' हा शब्द कोठेही नाही. सांभाळण्याचे काम कुलूपही करते. तिसरा नियम तर ग्रंथपालाला खुर्चीवरून उठवणारा आहे; कपाटात पडलेल्या ग्रंथासाठी वाचक शोधून आणण्याची जबाबदारी तो त्याच्यावर टाकतो. तो वाचक आज ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावर ग्रंथपालाने जाऊ नये, असे कोणत्या नियमाने ठरले?

आणि आपला वाचक कोणत्या रस्त्याने जातो? बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा वाचक एका जागी राहत नाही. बदलीचा हुकूम येतो, तो भोपाळहून जबलपूरला, जबलपूरहून रायपूरला जातो. त्याची मुले बंगळूरला, नातवंडे त्याहून दूर. तो ग्रंथालयाच्या पायरीवर रोज संध्याकाळी येणार नाही. पण हातातल्या यंत्रात मात्र तो दिवसातून दहा वेळा डोकावतो. महाराष्ट्रातील ग्रंथालयांना निदान १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाचा आधार आहे. त्या अधिनियमाची हद्द राज्याच्या सीमेवर संपते. सीमेबाहेरच्या ग्रंथालयाला वाचक हाच आधार. तो दिसेनासा झाला की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की कपाटे विकण्याची भाषा सुरू होते.

ही भाषा आम्ही ऐकली आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाने जागा अपुरी पडते म्हणून जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे रद्दीत काढले. "कोणी मागत नाही" हे कारण कार्यवृत्तात नोंदलेले आहे. अंक वजनावर गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत पुण्याकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीचे पत्र आले. त्यांतील काही वर्षांचे अंक तिला कोठेच मिळत नव्हते. आमच्याकडे ते असावेत ही माहिती तिला एका वृद्ध सभासदाकडून, निव्वळ योगायोगाने कळली होती. बाईंनी ते पत्र आम्हांला दाखवले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. कोणी मागत नव्हते हे खरे. पण अंक आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हते, हे त्याहून खरे. सूची जालावर असती तर तिने ते अंक चार महिने आधी मागितले असते. रद्दीवाल्याने दिलेली रक्कम त्या वर्षीच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला आहे. तोट्याच्या बाजूला काय लिहावे हे आमच्या हिशेबतपासनिसांना कोणी विचारलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारवंतांचा : ही माध्यमे उथळ आहेत, ग्रंथसंस्कृतीच्या उपासकाने त्या चिखलात उतरू नये. माध्यमे उथळ आहेत हे आम्हांला मान्य आहे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली वाक्ये रोज सकाळी सुप्रभाताच्या फुलांसह आपल्या सर्वांकडे येतात. परंतु या चिखलावर उपाय कोणाकडे आहे? मूळ पुस्तक ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे. "हे वाक्य कोणत्या पुस्तकात आहे?" एवढा एक प्रश्न त्याच जागी विचारून, कपाटातून पुस्तक काढून, लेखकाचे खरे पान छायाचित्रासह दाखवणारा मनुष्य ग्रंथपालाखेरीज दुसरा कोण असणार? जाणत्याने बाजारात जायचे नाही असे ठरवले तर बाजार बंद पडत नाही, तो अजाणत्यांच्या ताब्यात जातो.

शिवाय या सोवळेपणाला आपल्या परंपरेत आधार नाही. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले, तेव्हा मोकळे कपाट, फिरती ग्रंथपेटी, ग्रंथालयसेवकांचे शिक्षणवर्ग हे सारे आपल्याकडे नवेच होते. गावच्या वाचकाने बडोद्याला यावे असे महाराजांनी म्हटले नाही. पुस्तके लाकडी पेट्यांत घालून गावोगाव धाडली. आणि ग्रंथालये चालवणारी माणसेही शिकवून तयार केली. मराठी राजाने, महाराष्ट्राबाहेरच्या भूमीवर, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे केले त्याची आठवण आपण सत्कारसमारंभांतील भाषणांत नेमाने काढतो. पण त्याच धर्तीवर आठवड्याचे चार तास मागितले की आपल्याला हसू येते!

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत सबळ वाटतो, म्हणून त्याचा विचार सावकाश करू. ही साधने टिकत नाहीत, असा तो आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. गूगल रीडर त्याच्या आधीच, २०१३ साली. जे आज शिकावे ते उद्या नाहीसे होणार. मग श्रम कशाला?

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात शार्लट येथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली एक प्रयोग केला. हेलन ब्लोअर्स या तेथील अधिकारी बाईंनी आपल्या सेवकांसाठी तेवीस गोष्टींची एक यादी केली : स्वतःची अनुदिनी सुरू करणे, छायाचित्रे जालावर ठेवणे, एखाद्या सामायिक पानावर अनेकांनी मिळून लिहिणे, ध्वनिफिती शोधणे, स्वतःच्या ग्रंथांची यादी मांडणे, इत्यादी. शिक्षक नाही, परीक्षा नाही. काही आठवड्यांच्या मुदतीत ज्याने त्याने आपल्या गतीने करून पाहावे, चुकावे, खेळावे आणि जे सुचेल ते अनुदिनीत लिहावे. तेवीस गोष्टी पुऱ्या करणाऱ्याला संगीत ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस. हा पाठ पुढे अनेक देशांतील शेकडो ग्रंथालयांनी उचलला. त्या यादीतील कित्येक साधने आज अस्तित्वात नाहीत, हे आक्षेपकांनी अवश्य म्हणावे. पण ज्या सेवकांनी ती तेवीस साधने हाताळली त्यांची चोविसाव्याची भीती गेली, आणि कमाई हीच होती. साधन मरते, सराव मरत नाही. टंकलेखनयंत्र गेले म्हणून त्यावर बसलेली बोटे वाया गेली काय?

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. आमच्या येथे कागदी नस्त्या जाऊन ई-ऑफिस आले तेव्हा एक वरिष्ठ लिपिक निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. टिपणी लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि संगणकाच्या पडद्यापुढे त्यांचे हात अक्षरशः थरथरत. कचेरीने त्यांना वेळ दिला, शेजारी एक माणूस बसवला, चुकांची नोंद ठेवली नाही. सहा महिन्यांनी तेच आम्हांला शिकवीत होते. कारण कळपट्टी कशी दाबावी हे कोणालाही सांगता येते, नस्तीत काय लिहावे हे त्यांनाच ठाऊक होते. ज्या वयाचे कारण सांगून आमच्या ग्रंथपालबाईंना नाकारण्यात आले, त्याहून त्यांचे वय अधिक होते. सरकारी कचेरी मंद असते असे सर्वजण म्हणतात. तिच्यापेक्षा मंद होण्याचा मान आपल्या सांस्कृतिक संस्थांनी का पटकवावा?

इतका वेळ जुन्यांशी भांडलो. आता नव्यांशीही दोन शब्द भांडणे प्राप्त आहे. आमच्या मंडळातील तरुण चिटणीस ठरावाच्या विरुद्ध होते, ते निराळ्या कारणाने : "यात शिकायचे काय आहे? फोटो काढायचा आणि टाकायचा!" हा गैरसमज आम्हांला पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटतो. जुन्या छपाईच्या फाँटात टंकलेली यादी यंत्राला मराठी म्हणून कळतच नाही. ती युनिकोडमध्ये नसेल तर शोधणाऱ्याला सापडणार नाही. लेखकाचे नाव आडनावाने नोंदवायचे की टोपणनावाने, रोमन लिपीत शोधणाऱ्याला ते कसे गवसेल, हा ग्रंथालयशास्त्राचा प्रश्न आहे. कोणते पुस्तक पूर्ण स्वरूपात जालावर ठेवता येते आणि कोणते नाही, यासाठी लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे चालणारा स्वामित्वहक्क समजून घ्यावा लागतो. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक एका समूहात ओतून सर्वांना सर्वांचे क्रमांक दाखवणे हा विश्वासघात आहे, हे कोणी तरी शिकवावे लागते. कोणी काय वाचले ही नोंद चव्हाट्यावर येऊ नये, हेही. आमच्या ग्रंथालयाच्या नावाचे एक पान एका उत्साही सभासदाने पूर्वी उघडले होते. तो बदलून गेला, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला, आणि ते पान आजही एका जुन्या कोजागिरीच्या निमंत्रणावर थांबले आहे. फोटो काढून टाकण्याचे फळ ते हे.

ठराव फेटाळल्यावर बाई स्वस्थ बसल्या नाहीत. भाचीकडून रात्री घरी शिकल्या. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर त्यांनी दुर्मिळ पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये टंकण्यास आरंभ केला, आणि त्यांतील एका जुन्या प्रवासवर्णनाचे मुखपृष्ठ समाजमाध्यमावर ठेवले. तिसऱ्या दिवशी दूरच्या एका शहरातून विचारणा आली. लेखकाच्या पणतीने आपल्या पणजोबांचे पुस्तक प्रथमच पाहिले होते. ती आमच्या ग्रंथालयाची आजीव सभासद झाली. याच महिन्यात कार्यकारिणीने बाईंना लेखी समज दिली : कामाच्या वेळेत भ्रमणध्वनी वापरू नये. आम्ही ती समज वाचली आहे. तिच्यावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे. नव्या सभासदाची वर्गणी आणल्याबद्दलचा एक शब्द मात्र नाही.

आमचे म्हणणे असे नाही की, समाजमाध्यमांमुळे ग्रंथालये वाचतील. इतके सोपे औषध कोणत्याच रोगावर नसते. जालावर न गेलेले ग्रंथालय उद्या बंद पडेल असा शापही आम्ही देत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या माणसाला आपले प्रत्येक पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे ठाऊक आहे, त्याला ते जगाला सांगण्याचे साधन शिकू न देणे हा अन्याय आहे; आणि शिकण्याचा भार त्याच्या अपुऱ्या पगारावर व रात्रीच्या झोपेवर टाकणे हा दुसरा अन्याय आहे. म्हणून मागणी चारच कलमांची : शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरावा; त्याचा खर्च संस्थेने द्यावा; जालावरील खाते संस्थेच्या नावाचे असावे व त्याचा परवलीचा शब्द दोघांकडे असावा; आणि या नव्या कामाचा मेहनताना ठरवून द्यावा.

या मासिकाचे वाचक बहुतेक कोणत्या ना कोणत्या मराठी मंडळाचे सभासद आहेत. आपल्याकडेही अशी एखादी बाई, असा एखादा गृहस्थ, दुपारी पंख्याखाली एकटा बसून नोंदवहीत नावे लिहीत असेल. पुढच्या वार्षिक सभेत त्याचा ठराव येईल, किंवा येणार नाही, कारण तो मांडण्याचे धैर्य त्याला होणार नाही. तो आपण मांडावा. आणि सभेत हशा पिकला, तर आमच्यासारखे गप्प बसू नये.