हक्क कायमचा, कागद मुदतीचा

परक्या देशात कायम वास्तव्याचा हक्क मिळणे ही एक गोष्ट आणि तो हक्क आपल्यापाशी आहे हे मागितल्या क्षणी सिद्ध करता येणे ही दुसरी. अमेरिकेतील ‘ग्रीन कार्ड’ या ओळखपत्राचा व्यवहार पाहिला म्हणजे या दोहोंतील अंतर ध्यानात येते. असा हक्क असलेले परदेशी नागरिक त्या देशात सव्वा कोटींहून अधिक असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

परकीयांच्या नोंदणीचा कायदा अमेरिकेत १९४० साली, महायुद्धाच्या छायेत झाला. १९५२ च्या कायद्याने अठरा वर्षांवरील प्रत्येक नोंदणीकृत परकीयाने ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे असे बंधन घातले. ते मोडल्यास दंड वा तीस दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. या पत्रावर दीर्घकाळ मुदतीची तारीख नसे. १९८९ पासून दहा वर्षांची मुदत आली. छायाचित्रे जुनी होतात, बनावट पत्रे निघतात, तेव्हा पत्र अधूनमधून बदलावे, हा शासनाचा युक्तिवाद अवाजवी नाही.

मात्र दहा वर्षांनी संपते ती पत्राची मुदत, हक्काची नव्हे. (नवविवाहितांना मिळणारे दोन वर्षांचे सशर्त कार्ड वेगळे, तेथे वेळेत अर्ज न केल्यास हक्कच गमावण्याची वेळ येते.) कायद्यात हा भेद स्पष्ट असला तरी व्यवहारात तो पुसट होतो. नवा मालक नोकरी देताना चालू मुदतीचा पुरावा मागतो. परदेशात पत्र हरवले तर परतीच्या विमानात बसण्यासाठी वकिलातीचे दार ठोठवावे लागते. आपल्याकडील निवृत्तिवेतनधारकास ही अवस्था नवी वाटणार नाही. दर नोव्हेंबरात तो हयातीचा दाखला देतो. दाखला चुकला म्हणून तो मृत होत नाही, पण वेतन थांबते.

या व्यवहाराची आर्थिक बाजू विशेष बोलकी आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या दरानुसार नूतनीकरणाचे शुल्क संगणकाद्वारे अर्ज केल्यास ४१५ डॉलर आणि कागदी अर्जास ४६५ डॉलर ठरले. हे खाते प्रामुख्याने अर्जदारांच्या शुल्कावरच चालते. म्हणजे ग्राहकाने पैसे आगाऊ भरायचे, विलंबाची झळही त्यानेच सोसायची, आणि दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही. मक्तेदारीचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. अर्जाच्या पोचपावतीने जुन्या पत्रास मिळणारी मुदतवाढ २०२१ साली १२ महिन्यांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती २४ महिन्यांची आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३६ महिन्यांची करण्यात आली. ही सवलत स्वागतार्ह खरी; परंतु ती विलंबाची कबुलीही आहे. दहा वर्षांच्या पत्रास तीन वर्षांची पुरवणी लागावी, यातच सारे आले.

एरवी हा विलंब केवळ मनस्तापाचा विषय ठरला असता. परंतु जानेवारी २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर नोंदणीची जुनी कलमे कठोरपणे अमलात आणण्याचे धोरण जाहीर झाले. कागद जवळ नसणे हा गुन्हा आणि कागद वेळेवर न मिळणे हा मात्र कोणाचाच दोष नाही, अशी ही विषम मांडणी आहे. तिची परिणती कोठवर जाते हे ब्रिटनने दाखविले आहे. कॅरिबियन बेटांतून लहानपणी आलेल्या लोकांना तेथे वास्तव्याचा पूर्ण हक्क होता. त्यांच्या आगमनाच्या नोंदी सरकारनेच २०१० साली नष्ट केल्या. पुढे पुरावा नाही म्हणून कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर घालविण्यात आले. हे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले तेव्हा सरकारला माफी मागावी लागली.

मग हे लोक अमेरिकेचे नागरिकच का होत नाहीत, असा प्रश्न विचारला जातो. बहुतेकांस पाच वर्षांनंतर तो मार्ग खुला असतो आणि त्याचे शुल्क एकदाच भरावे लागते. हिशेबाने पाहता तोच सौदा स्वस्त. परंतु भारतीय राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत. परदेशस्थ भारतीयांसाठी २००५ पासून असलेल्या ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची मुभा मिळते. मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावच्या मातीशी धागा राखू पाहणारा माणूस म्हणूनच दर दहा वर्षांनी शुल्क भरीत राहतो. हा त्याचा अव्यवहारीपणा नव्हे. त्याने जाणूनबुजून मोजलेली ती किंमत आहे.

उपाय फारसा अवघड नाही. वेळेत अर्ज आणि शुल्क दिलेल्या माणसाचे जुने पत्र नवे हाती पडेपर्यंत, महिन्यांची गणती न करता, ग्राह्य मानावे. आणि विलंब शासनाचा असेल तर त्याचा भुर्दंड अर्जदारावर पडू नये. शासनाने दिलेला हक्क सिद्ध करण्याचे साधनही शासनाच्याच हाती असते. ते साधन वेळेवर देणे ही कृपा नसून त्या हक्काचाच भाग आहे.