कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे



प्रयोगवहीत तुम्ही '27' असे उत्तर लिहिता आणि एकक लिहायचे विसरता. शिक्षक गुण कापतात. 'उत्तर तर बरोबर आहे ना!' असे म्हणून तुम्ही रुसता. आज मी प्रथम तुमच्या शिक्षकांची बाजू घेणार आहे आणि मग त्यांच्याशीच थोडे भांडणार आहे. दोहोंचे निमित्त एकच आहे: धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतले बारा जुने संगणक.

हे संगणक धूळ खात पडले होते. विज्ञानाच्या सरांनी आणि नववी-दहावीच्या मुलांनी ते पुसले, त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चढवली आणि तारांनी एकमेकांना जोडले. अशा जोडलेल्या संगणकांना क्लस्टर, म्हणजे संगणक-समूह, म्हणतात. मोठे गणित तुकडे करून वाटून द्यायचे आणि सर्वांनी मिळून सोडवायचे, ही त्यातील कल्पना. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली तयार झालेला 'परम 8000' याच कल्पनेवर उभा होता. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 साली सुरू झालेल्या 'अर्का' या महासंगणकाची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड! पाऊस कधी येणार, हे सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याला सांगणाऱ्या अंदाजामागे असली आकडेमोड असते.

आता एक हिशेब करा. एखादा संगणक सरासरी हजार दिवसांतून एकदा बिघडतो असे समजू. घरात एकच असेल तर पावणेतीन वर्षे निश्चिंती. पण समूहात तीन हजार संगणक असतील तर? रोज सरासरी तीन बिघडणार. कोणते, हे कोणी सांगायचे? माणसाने रोज तीन हजार पेट्यांना कान लावून फिरणे शक्य नाही. म्हणून समूहावर देखरेख करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या गेल्या.

आमच्या शाळेने 'गँग्लिया' निवडली. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅट मॅसी यांनी सुरू केलेली ही मुक्त-स्रोत आज्ञावली आहे. म्हणजे ती फुकट मिळतेच, शिवाय तिच्या पोटात काय लिहिले आहे तेही वाचता येते. जीवशास्त्रात चेतापेशींच्या गाठींना गँग्लिया म्हणतात, त्यावरून हे नाव. आज 'प्रॉमिथियस'सारख्या नव्या यंत्रणा अधिक वापरल्या जातात, पण शिकायला जुनी वाईट नाही. प्रत्येक संगणकावर 'जीमॉन्ड' नावाचा एक छोटा पहारेकरी बसतो. प्रोसेसरवर भार किती, मेमरी किती रिकामी, हे तो मोजतो आणि 8649 क्रमांकाच्या दारावर पाठवतो. (जुन्या दूरध्वनीच्या बटणांवर इंग्रजीतून 'युनिक्स' हा शब्द दाबला तर नेमका हाच आकडा येतो. संगणकवाल्यांचे विनोद असे असतात!) मुख्य संगणकावरचा 'जीमेटाड' हे आकडे गोळा करतो आणि त्यांचे आलेख पडद्यावर दिसतात.

मूळ रचनेत हे पहारेकरी दवंडी पिटल्यासारखे सर्वांना ऐकू जाईल असे बोलतात. पण शाळेच्या स्वस्तातल्या स्विचमधून ती दवंडी नीट पलीकडे पोचेना. तेव्हा मुलांनी रचना बदलली. दवंडी बंद, प्रत्येकाने फक्त मुख्य संगणकाला पोस्टकार्ड टाकायचे. आलेख उमटले आणि वर्गात टाळ्या पडल्या.

तिथून पुढे दुखणे सुरू झाले. वीज जाऊन आली की कधी कधी अकरा संगणकांच्या आलेखांच्या जागा कोऱ्या दिसत. कधी मात्र सारे ठीक असे. सरांनी उपाय शोधला: अकराही संगणक बंद करून पुन्हा चालू करायचे. आलेख परत येत, आणि सर म्हणत, 'झाले दुरुस्त.'

इथे माझे सरांशी भांडण आहे. हे दुरुस्त होणे नव्हे. बिघाड गेला, पण तो का आला होता हे सांगणारा पुरावाही त्याच्याबरोबर पुसला गेला. ताप आलेल्या माणसाला झोपवले आणि सकाळी उतरला, तर तो मलेरिया होता की पडसे, हे आपल्याला कळले का? घरात, कार्यालयात, बँकेत 'बंद करून चालू करा' हा मंत्र आपण इतका जपला आहे की कारण शोधायची सवयच मोडत चालली आहे. निदान शाळेत तरी तो पहिला उपाय असू नये.

मुलांनी पुढच्या खेपेस हात आवरला आणि एकेक प्रश्न विचारला. संगणक जिवंत आहेत का? हाक मारली, अकराही जणांनी ओ दिली. त्यांच्यावरचे पहारेकरी जागे आहेत का? होते. त्यांची पोस्टकार्डे निघतात का? 'टीसीपीडम्प' नावाच्या साधनाने तारेवरून जाणारे संदेश पाहता येतात; पोस्टकार्डे मुख्य संगणकाच्या दारात पडत होती. म्हणजे सगळे बोलत होते आणि तरी पाटी कोरी!

नववीतल्या एका मुलीने वहीत प्रत्येक वेळी संगणक कोणत्या क्रमाने सुरू झाले ते लिहून ठेवले होते. त्यात कोडे सुटले. मुख्य संगणक सर्वांत म्हातारा. बहुतेक वेळा तो सर्वांत शेवटी उठे. ज्या दिवशी तो शेवटी उठे, त्या दिवशी पाटी कोरी.

कारण असे. पहारेकरी कामावर येताच एकदा आपल्या आकड्यांची ओळख पाठवतो: हा आकडा मेमरीचा, एकक अमुक. त्यानंतर तो मुख्यतः नुसते आकडे पाठवतो. दवंडीच्या पद्धतीत नवा गडी आला की बाकीच्यांना कळते आणि ते पुन्हा ओळख सांगतात. पोस्टकार्डाच्या पद्धतीत ते कळायला मार्गच नाही. मुख्य संगणक झोपेत असताना आलेली ओळख वाया गेली, पोचपावतीची सोय नाही, आणि पुढे येणाऱ्या आकड्यांचे काय करायचे हे त्याला कळेना. 27, पण 27 काय? एकक नाही, नाव नाही. त्याने शून्य गुण दिले. तुमच्या शिक्षकांसारखेच!

रचनेच्या फाइलीत 'सेंड मेटाडेटा इंटरव्हल' अशी एक ओळ असते. तिथे 0 होते, म्हणजे ओळख पुन्हा पाठवू नका. मुलांनी 60 केले, म्हणजे दर 60 सेकंदांनी पाठवा. दवंडी वापरत नसाल तर इथे शून्य ठेवू नका, नाहीतर आलेख कोरे दिसतील, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. वाचले कोणी नव्हते, इतकेच.

तुम्ही म्हणाल, बारा जुन्या डब्यांचे एवढे काय? मग पाटीवरून उठून शिवारात चला. आपल्या राज्यात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी मानतात, आणि पंचनामे व मदतीच्या बाबतीत हा आकडा फार मोलाचा असतो. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पिके पाण्याखाली गेली, तेव्हा हे घरोघर कळले असेल. समजा अशाच एका रात्री एखाद्या मंडळाचे स्वयंचलित पर्जन्यमापक मुके झाले. पाऊस पडला नाही तर नोंद '0' हवी. मोजलाच गेला नाही तर जागा कोरी हवी. कोणी त्या कोऱ्या जागेत सोयीसाठी शून्य भरले, तर वाहून गेलेले शेत कागदावर कोरडे राहील. आणि त्या शून्याला एककही असेल, म्हणून कोणी गुणही कापणार नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की संगणक-तासाला टंकलेखन आणि चित्रे रंगवणे थोडे कमी करा. दोन-तीन जुने संगणक जोडा, त्यांवर पहारेकरी बसवा आणि मुलांना बिघडू द्या. परीक्षेत हे येत नाही, ही तक्रार मी ऐकली आहे. पण एककाचे गुण परीक्षेत कापले जातातच ना? मुलांच्या हाती वही द्या. वीज गेली केव्हा, आली केव्हा, कोण आधी उठले, कोणती जागा कोरी राहिली, आणि त्या वेळी कोणी काय केले, हे तारीखवार लिहू द्या. त्या शाळेत आता वीज आली की मुले बटणाकडे धावत नाहीत. आधी वही काढतात.