अमेरिका स्वस्त, आटपाडी महाग

५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप ही सेवा बंद केली. वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले आणि त्या सर्वांतून बहुधा एकच चित्र उभे राहिले: परदेशी गेलेला मुलगा, संगणकाच्या पडद्यावर दिसणारी आई आणि कधीच न येणारे बिल. हे चित्र खोटे नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंते होऊन अमेरिकेला गेलेल्यांच्या घरी ते खरे होते. परंतु सातारा व सांगली या जिल्ह्यांतून पोटासाठी बाहेर पडलेली बहुसंख्य माणसे अमेरिकेला गेली नाहीत. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात शिरले आणि केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत विखुरले. जावळी-पाटणचे लोक मुंबईच्या गोद्यांत नि बाजारांत माथाडी झाले. अपशिंग्यासारख्या गावांतील घराघरांतून माणसे सैन्यात गेली. इंटरनेटवरून स्वस्तात बोलण्याची सोय आली, तेव्हा या माणसांच्या वाट्याला तिच्यातले काय आले, हा प्रश्न त्या मृत्युलेखांत कोठेच नव्हता.

फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाची आज्ञावली बाजारात आणली. तिचे तत्त्व साधे होते. नेहमीच्या टेलिफोनमध्ये दोघे बोलत असेपर्यंत त्यांच्यासाठी एक संपूर्ण मार्ग राखून ठेवावा लागतो. अंतर वाढले की भाडे वाढते. इंटरनेटवर आवाजाचे अंकांत रूपांतर होते, त्या अंकांची छोटी पुडकी बांधली जातात आणि ती इतर मजकुराबरोबर वाट मिळेल तशी पोचतात. शेजारच्या गावचे पुडके आणि सातासमुद्रापलीकडचे पुडके यांच्या भाड्यात मग फरक उरत नाही. प्रारंभी आवाज तुटक येई, दोन्ही टोकांना संगणक आणि तीच आज्ञावली लागे. पण टेलिफोनला सेकंदाला ६४ हजार बिट लागत, तेथे आवाज दाबून सहा-सात हजारांत बसविण्याची युक्ती साधली आणि साध्या मोडेमवरही कामचलाऊ संभाषण होऊ लागले. १९९९ मध्ये डायलपॅडने जाहिरातींच्या बळावर अमेरिकेतील कोणत्याही टेलिफोनला फुकट बोलू दिले. २००३ मध्ये स्काइप आले.

आपल्याकडे त्या काळी अमेरिकेशी एक मिनीट बोलण्याचा दर साठ रुपयांच्या घरात होता. देशातल्या देशातही दूर अंतराचा दर असा की रात्री अकरा वाजता पाव दर सुरू होण्याची वाट पाहत माणसे एसटीडी बूथवर ताटकळत. चेन्नईतला गलाई कामगार आणि विट्याकडची त्याची पत्नी यांचे दांपत्यजीवन या पाव दरावर चालले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

शासनाने काय केले? १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारला दिला होता. त्याच्याच आधाराने, १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात इंटरनेटवरील दूरध्वनीला तूर्त परवानगी नाही, असे नमूद झाले. १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, ती मात्र मोठी विलक्षण. संगणकावरून संगणकाशी कोठेही बोला. संगणकावरून परदेशातील टेलिफोनलाही बोला. पण संगणकावरून भारतातील टेलिफोनला बोलता येणार नाही! म्हणजे सांगलीच्या सायबर कॅफेत बसून शिकागोतील फोन वाजविणे कायदेशीर आणि आटपाडीतील फोन वाजविणे बेकायदा. आटपाडीच्या घरात संगणक असेल तर गोष्ट वेगळी, अशी पळवाट होती. २००२ साली त्या तालुक्यातील किती घरांत संगणक होता, हे परवानगी देणाऱ्यांना ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही.

या बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जाई आणि समाजवाद्यांनी तो झटकून टाकू नये. दूर अंतराच्या कॉलवरील नफ्यातून खेड्यातील तोट्याचा टेलिफोन चालतो, तो नफा इंटरनेटने खाल्ला तर खेडे मुके होईल, असा तो होता. यात तथ्य होते. म्हणूनच त्याच १ एप्रिल २००२ रोजी सर्व कंपन्यांकडून अंशदान घेऊन ग्रामीण सेवेसाठी स्वतंत्र निधी सुरू करण्यात आला. पण निधी निर्माण झाल्यावर बंदीचे समर्थन उरले कोठे? शिवाय त्या निधीतील मोठ्या रकमा वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिल्या. खेड्याच्या नावाने बंदी चालू राहिली आणि खेड्याच्या नावाने पैसाही अडून राहिला.

कंपन्यांना काळाबरोबर पावले टाकणे भागच होते; ज्यांना जमले नाही त्या गिळल्या गेल्या. २००५ मध्ये डायलपॅड याहूने घेतली, त्याच वर्षी स्काइप ईबेकडे आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. आपले नियम मात्र जागचे हलले नाहीत. १० नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपने भारतातून भारतातील मोबाइल व टेलिफोनला लागणारे कॉल बंद केले. परदेशी कॉल चालूच राहिले. पुढच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने दोन्ही टोकांना आपलेच अ‍ॅप ठेवून तो अडसर ओलांडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बोलणे फुकट करून टाकले. आणि मग, जून २०१८ मध्ये, दूरसंचार खात्याने इंटरनेटवरून देशातील टेलिफोनला बोलण्याचा मार्ग मोकळा केला. जुलैत बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. पाहुणे जेवून उठल्यावर पाने मांडण्याचा हा प्रकार होता. सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेला जे २००२ साली करू द्यायला हवे होते, ते तिला सोळा वर्षांनी करू दिले गेले आणि मधल्या काळात ग्राहक खाजगी कंपन्यांकडे गेला.

व्होकलटेकची आज्ञावली बाजारात आली, त्याच फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट केले होते. आज गलाई कामगाराचा व्हिडिओ कॉल एका अमेरिकन कंपनीच्या अ‍ॅपवरून दोन-तीन भारतीय कंपन्यांच्या जाळ्यातून जातो. जुलै २०२४ मध्ये या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढविले. ज्या वृद्धेला केवळ बोलायचे आहे तिलाही इंटरनेटसह रिचार्ज घ्यावे लागे. केवळ बोलण्याचे व एसएमएसचे पॅक द्या, असा आदेश नियामकाला डिसेंबर २०२४ मध्ये काढावा लागला. बीएसएनएलची देशव्यापी ४जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तोवर इतरांचे ५जी येऊन जवळपास तीन वर्षे होत आली होती.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या ग्रामीण निधीचे नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ केले आहे. नाव कोणतेही असो. माण, खटाव, आटपाडी, जत आणि कोयना खोऱ्यातील वाड्यांसाठी या निधीतून २००२ पासून आजवर किती रुपये खर्च झाले, त्यांतून कोणत्या गावी मनोरा उभा राहिला आणि त्यांपैकी किती आज चालू आहेत, याचा तालुकावार हिशेब साताऱ्याच्या व सांगलीच्या खासदारांनी लोकसभेत मागावा. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात तालुक्या-तालुक्यांतून अर्ज जावेत, असे आम्ही कार्यकर्त्यांना सुचवितो.