उक्त्या कामाला कागद हवा : महाड-पोलादपूरच्या घरदुरुस्तीबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी, महाड
मा. तहसीलदार व मा. गटविकास अधिकारी, महाड आणि पोलादपूर
मा. मुख्याधिकारी, महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायत

महोदय,

आमच्या दोन्ही तालुक्यांत पाऊस चार महिने कोसळतो आणि घराला दर वर्षी हात लावावाच लागतो. कौले परतायची, गंजलेले पत्रे बदलायचे, गळक्या स्लॅबवर कोबा करायचा, ओल चढलेला गिलावा पाडून नवा करायचा. ही सारी कामे दिवाळीनंतर निघतात आणि मृगाच्या आत उरकावी लागतात. चांगले मिस्त्री मोजके आणि घरमालक बहुधा मुंबईला. बोलणे फोनवर होते, उचल मोबाईलवरून जाते आणि कागदावर एक ओळ नसते.

मग भांडण ठरलेले. काम उक्ते दिले, पण माल कोणी आणायचा? कोब्यावर पाणी कोणी मारायचे? राडारोडा कोण उचलणार? छपरातून निघालेले जुने सागवानी वासे कोणाचे? पुढच्या पावसात छत गळले की मिस्त्री म्हणतो, माल हलका होता. मालक म्हणतो, काम हलके होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. काम निम्म्यावर आले की मालक म्हणतो, लगेहात मोरीच्या लाद्याही बसवून टाका, आणि हिशेबाच्या दिवशी त्या लाद्या त्याला आठवत नाहीत. आमच्या संघटनेत घरमालक आहेत तसे मिस्त्री, सुतार आणि गवंडीही आहेत. त्यामुळे हे पत्र कोणा एकाच्या विरोधात नाही.

कायदा आहे, पण तो आमच्या ओसरीपर्यंत पोहोचत नाही. १८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो. तो शाबीत करताना मात्र दमछाक होते. रेरा कायद्याने साध्या दुरुस्तीची कामे नोंदणीतून वगळली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्कही नाही. पण जिल्हा आयोग अलिबागला. पंधरा हजारांच्या कामासाठी पोलादपूरच्या वाडीतला माणूस तारखांना तिथवर किती खेपा घालणार?

म्हणून आमची मुख्य मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि दोन्ही नगर कार्यालयांत घरदुरुस्तीच्या करारपत्राचा एकपानी मराठी नमुना फुकट मिळावा. कामाचे माप, उक्ते की हजेरीवर, माल कोणाचा आणि कोणत्या प्रतीचा, पैशांचे हप्ते, संपवण्याची तारीख, वाढीव कामाचा दर, जुन्या मालाचा हक्क, एवढे त्यात असले की पुरे. दोन प्रती, दोन सह्या, एक साक्षीदार. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली आहे. लहान दुरुस्तीसाठी एवढा खर्च कोणीच करणार नाही आणि व्यवहार पुन्हा तोंडीच राहील. अशा करारपत्रांना शुल्कमाफी मिळावी, अशी शिफारस आपण शासनाकडे करावी.

हप्त्यांबाबत आमच्या सभासदांत बराच वाद झाला. अखेर ठरले ते असे: नुसत्या मजुरीच्या कामाला उचल चौथ्या हिश्श्याहून जास्त नसावी, पुढचे पैसे झालेल्या कामाप्रमाणे मिळावेत. गळती काढण्याच्या कामात दहावा हिस्सा आषाढ संपेपर्यंत राखून ठेवावा आणि छत कोरडे राहिले तर आठ दिवसांत चुकता करावा. मिस्त्रींनी हे मान्य केले, पण याखेरीज एक रुपयाही अडकवू नये ही त्यांची अट आहे आणि ती रास्त आहे. नमुन्यात हे छापावे.

कारागिरांची गावनिहाय यादी असावी, पण ती परवाना होऊ नये. परवान्याची सक्ती झाली तर पिढ्यान्‌पिढ्या चिरा बसवणारा माणूस अर्ज भरता येत नाही म्हणून घरी बसेल. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गवंडी आणि सुतार दोघेही आहेत. त्या नोंदींपासून सुरुवात करता येईल. विजेच्या कामाला मात्र अनुज्ञप्तीधारकच हवा. तिथे सवलत नको.

मजुरांचा प्रश्न याच कागदाशी जोडलेला आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचे तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. घरदुरुस्तीवरचा मजूर चार दिवस एका घरी, सहा दिवस दुसऱ्या घरी. त्याला दाखला कोण देणार? करारपत्राच्या मागे मजुरांची नावे आणि दिवस लिहिले, तर त्या कागदांच्या बेरजेवर ग्रामसेवकाने दाखला द्यावा. छपरावरून पडलेल्या माणसाच्या घरच्यांना मग मंडळाच्या दारात उभे तरी राहता येईल.

आता सर्वांत गंभीर बाब. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. दोष कोणाचा, हा न्यायालयाचा विषय. आम्हांला एवढेच दिसते की ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. नुसते वय पाहून धोका कळत नाही. खांब, तुळई किंवा स्लॅबला हात लागणार असेल, वर मजला चढणार असेल, तर अभियंत्याची पाहणी आणि सहीचा सल्ला सक्तीचा करावा. खाजगी अभियंता परवडत नाही त्यांच्यासाठी नगरपरिषद, नगरपंचायत आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांनी अर्जापासून पंधरा दिवसांत यावे.

आपत्तीनंतरचे आठवडे वेगळेच असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर पत्र्यांसाठी झालेली वणवण लोक विसरलेले नाहीत. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडाले, तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. अशा वेळी माणूस मिळेल त्या कारागिराला मागेल ती उचल देतो. पंचनाम्याबरोबरच तहसीलदारांनी पत्रे, सिमेंट आणि मजुरीचे त्या आठवड्याचे सरासरी दर चावडीवर लावावेत.

तंट्यांसाठी दोन्ही तहसील कार्यालयांत महिन्यातून एक दिवस बैठक ठेवावी: एक अभियंता, एक जुना मिस्त्री, एक ग्राहक प्रतिनिधी. जागेवर जाऊन काम पाहावे आणि लेखी मत द्यावे. ज्यांचे तेथे मिटणार नाही त्यांची जिल्हा आयोगापुढील सुनावणी महाडच्या कार्यालयातून दूरचित्रसंवादाने व्हावी, असा प्रस्ताव आपण पाठवावा.

नमुना भरायला शिकवण्याचे काम आमचे सभासद विनामोबदला वाडीवाडीवर करतील. दुरुस्तीचा हंगाम दिवाळीला सुरू होतो, म्हणून दसऱ्यापूर्वी आपण संयुक्त बैठक लावावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
महाड व पोलादपूर तालुक्यांतील घरमालक आणि बांधकाम कारागीर यांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद