आठवा गडी

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी डायनिंग टेबलावर पत्ते मांडून बसतो. मग आईचा ठरलेला प्रश्न येतो, "उद्या पण पत्ते कुटायला जाणारेस का?" बाबा काही बोलत नाहीत. पण पत्त्यांशेजारी लॅपटॉप आणि त्यावर उघडलेली एक्सेल शीट बघून, पत्ते कुटायला एक्सेल कशाला लागतं हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आजचा लेख त्या एक्सेल शीटबद्दल. आणि त्यात जो कॉलम टाकायचं मला बरेच दिवस सुचलंच नाही, त्याबद्दल.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितातल्या माणसानं बनवलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. रमीत सगळे एकाच कॅटमधून खेळतात. इथे प्रत्येक जण आपला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणतो. डेकमध्ये कमीत कमी ६० पत्ते, आणि साध्या लँड सोडल्या तर एका नावाचे जास्तीत जास्त ४. शिवाय बाजूला १५ पत्त्यांचा साइडबोर्ड. तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना तुमचा, आणि पहिल्या डावानंतर साइडबोर्डमधले पत्ते डेकमध्ये अदलाबदल करता येतात. प्रत्येकाकडे २० लाइफ, ते शून्यावर आलं की खेळ खलास.

आम्ही दर रविवारी पुण्यात एका दुकानाच्या मागच्या खोलीत 'पॉपर' खेळतो. पॉपर म्हणजे कधी ना कधी 'कॉमन' म्हणून छापले गेलेले पत्तेच चालणार. दुर्मिळ, महागडे पत्ते बाद. २०१९ साली कंपनीनं ऑनलाइन आणि कागदी पॉपरची यादी एक केली, आणि आमच्यासारख्या ईएमआयवाल्या जनतेची सोय झाली. बारा-चौदा जणांची नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, प्रत्यक्ष येतात आठ. आठ जण, तीन फेऱ्या, दोनशे रुपये एन्ट्री आणि जिंकणाऱ्याला दुकानातलं क्रेडिट. बस.

माझा डेक लाल. पॉपरमधला 'बर्न'. त्याचं तत्त्वज्ञान माझ्या आजीलाही कळेल: समोरच्याकडे काय आहे ते बघत बसायचं नाही, त्याला जाळायचं. लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट... सगळ्यांचं काम एकच, ३ डॅमेज. आता गंमत बघा. २० लाइफ संपवायला असे ७ पत्ते लागतात. पहिली पाळी ज्याची, त्याला पहिल्या पाळीत पत्ता ओढता येत नाही. म्हणजे चौथ्या पाळीपर्यंत त्यानं सुरुवातीचे ७ आणि नंतरचे ३ असे १० पत्ते पाहिलेले असतात. ६० पैकी १८ लँड ठेवल्या तर या १० पत्त्यांत सरासरी ३ लँड आणि ७ आगीचे पत्ते. सात त्रिक एकवीस. हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला जेईईचा पेपर सुटल्यासारखा आनंद झाला होता!

अर्थात ही सरासरी झाली. १८ लँडच्या डेकमध्ये पहिल्या सात पत्त्यांत एकही लँड नसणं किंवा एकच असणं, हे ३१ टक्के वेळा होतं. एक लँड काढून १७ केल्या तर ३५ टक्के, आणि वाढवून २० केल्या तर २५ टक्के. पण २० केल्या की शेवटी हातात आगीऐवजी डोंगर साठतात. म्हणजे कुठेतरी पांघरूण कमी पडणारच, डोकं झाकायचं की पाय ते तुम्ही ठरवायचं. डेक ट्यून करणं म्हणजे तेवढंच.

आता माझं पहिलं मत. लोकल स्पर्धेत हरल्यावर घरी येऊन लगेच डेक बदलणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आपण ऑफिसात प्रॉडक्शनमध्ये बग आला तर लॉग बघतो, निदान बघितल्याचं नाटक तरी करतो. इथे मात्र एक रविवार वाईट गेला की चार पत्ते बाहेर, चार आत. तीन फेऱ्यांच्या हिशोबानं १०० सामने व्हायला ३४ रविवार लागतात, म्हणजे जवळजवळ आठ महिने. आणि १०० सामन्यांत ५५ जिंकलात तरी काय सिद्ध झालं? नाणं उडवलं तरी १०० मध्ये ५५ किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता १८ टक्के आहे. तेव्हा 'हा पत्ता टाकल्यापासून मी जास्त जिंकतोय' हे वाक्य लोकल खेळणाऱ्यानं उच्चारूच नये.

मग करायचं काय? निकालापेक्षा कारण लिहायचं. हरलो तेव्हा हातात कोणते पत्ते अडकले होते? कोणता पत्ता ओढला की तोंड वाकडं होत होतं? मी हे दर सामन्यानंतर एका ओळीत लिहितो, आणि एका वेळी दोनच पत्ते बदलतो. फायरब्लास्ट चारवरून तीनवर यायला मला दोन महिने लागले. त्यात दोन डोंगर बळी देऊन फुकटात ४ डॅमेज मिळतं, पण दोन फायरब्लास्ट एकदम हातात आले की चार डोंगर कुठून आणायचे? हे वहीतून कळलं, विजयांच्या आकड्यातून कळलं नसतं.

दुसरं मत साइडबोर्डबद्दल, आणि खरा लेख इथून सुरू होतो.

मोठ्या स्पर्धेत शेकडो लोक येतात. समोर कोण बसेल ते माहीत नसतं, म्हणून तिथले साइडबोर्ड सरासरी माणसासाठी बनवलेले असतात. जिंकलेल्या डेकची यादी नेटवरून जशीच्या तशी उचलली की आपण दुसऱ्याच गावच्या हवामानाचे कपडे घालून फिरतो. आमच्या खोलीत सरासरी माणूस नाहीये. सात माणसं आहेत आणि मला ती नावानिशी माहीत आहेत. तीन फेऱ्यांत सातांपैकी तिघांशी गाठ, म्हणजे ढोबळमानानं प्रत्येकाशी सामना व्हायची शक्यता ४३ टक्के. एखाद्या पत्त्याचा उपयोग एकाच माणसाविरुद्ध होत असला तरी तो ठेवणं परवडतं.

आणि मी नेमकं तेच केलं.

आमच्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचा एक मुलगा होता. त्याचा डेक 'अफिनिटी'. या डेकमध्ये लँडसुद्धा आर्टिफॅक्ट असतात, आणि टेबलावर जितकी आर्टिफॅक्ट जास्त तितके मोठे पत्ते स्वस्त होत जातात. सुरेख यंत्र आहे ते. पहिले दोन महिने त्यानं मला सरळ धुतलं. मग मी शनिवारी रात्री एक्सेल उघडलं आणि साइडबोर्डमध्ये ४ गोरिला शमन आणि ३ स्मॅश टू स्मिदरीन्स टाकले. स्मॅश एक आर्टिफॅक्ट फोडतो आणि वर मालकाला ३ डॅमेज देतो, म्हणजे माझ्या डेकमध्ये तो घरचाच. खरा राक्षस मात्र गोरिला शमन. १९९६ सालचा पत्ता, एका मानाचं एवढंसं माकड, ताकद १. पण शून्य किमतीचं आर्टिफॅक्ट ते एका मानात फोडतं, हवं तितक्या वेळा. आणि आर्टिफॅक्ट लँडची किंमत शून्यच असते. म्हणजे पहिल्या पाळीत माकड आणि दुसऱ्या पाळीपासून समोरच्याची जी लँड येईल ती माकडाच्या पोटात. असे ७ पत्ते आत घेतले की पहिल्या हातातच त्यांतला निदान एक असण्याची शक्यता ६० टक्के.

लागोपाठ तीन रविवारी मी त्याला हरवलं. हरवलं म्हणणं बरोबर नाही, खेळूच दिलं नाही. तिसऱ्या रविवारी पत्ते आवरताना तो हसून म्हणाला, "दादा, तुमच्याशी खेळताना मी फक्त लँड मांडायचं आणि उचलायचं काम करतो." मीही हसलो. त्या दिवशी पहिला आलो, क्रेडिट घेतलं, घरी येऊन वहीत लिहिलं: 'माकड अप्रतिम. बदल नको.'

चौथ्या रविवारी तो आला नाही. सात जण म्हणजे प्रत्येक फेरीत एकाला 'बाय', मग ज्याला बाय मिळाला तो अर्धा-पाऊण तास मोबाइल बघत बसणार. पुढच्या रविवारी अजून एक जण गळला. 'सहाच जण आहेत तर कशाला एवढ्या लांबून यायचं,' असा मेसेज. माझा साइडबोर्ड तेव्हा एकदम परफेक्ट ट्यून झालेला होता. फक्त ज्याच्यासाठी ट्यून केला तो माणूस खोलीत नव्हता. सात पत्ते वायाच!

ग्रुपमधल्या एका मित्राचं म्हणणं पडलं की स्पर्धा आहे, ज्याला झेपेल तो टिकेल, आपण काय बालवाडी चालवतोय का? त्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. मी माकडं काढून ठेवून त्याला मुद्दाम जिंकू दिलं असतं तर तो त्याचाच अपमान झाला असता, आणि या वयाच्या पोरांना ते लगेच कळतं. पण 'टिकेल तो टिकेल' हे म्हणायला मागे रांग लागते. मोठ्या स्पर्धेत एक गेला तर दुसरा येतो. आमच्याकडे आठवा गडी गेला की सातवा जातो. सोसायटीत क्रिकेट खेळलेल्यांना हे सांगायला नको. नवशिक्या पोराला पहिल्या बॉलला क्लीन बोल्ड करणं काही कठीण नसतं, पण तो बॅट घेऊन घरी गेला की फील्डिंग कोण करणार? म्हणून तर पहिला बॉल 'ट्राय' असायचा.

शेवटी मी त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, रविवारी तासभर लवकर ये, आणि डेक घेऊन ये." आला. मी माझा अख्खा डेक, साइडबोर्डसकट, टेबलावर उघडा मांडला. माझ्या माकडानं तो का मरतो ते दाखवलं, आणि त्यावर उपाय काय तेही. एक, २०२१ च्या मॉडर्न होरायझन्स २ मधल्या 'ब्रिज' लँड. त्या आर्टिफॅक्टच आहेत, पण फुटत नाहीत, माकडाचे दात पडतात. त्याच्याकडे एकही नव्हती, माझ्या डब्यात चार सिल्व्हरब्लफ ब्रिज धूळ खात होत्या, त्या दिल्या. दोन, साधी आयलंड दोन तरी ठेव, ती आर्टिफॅक्टच नाही. तीन, साइडबोर्डमध्ये चार हायड्रोब्लास्ट. एका निळ्या मानात लाल पत्ता रद्द, किंवा टेबलावरचं लाल माकड मेलं. तो ऐकत होता आणि मग म्हणाला, "पण दादा, हे तर सगळं तुमच्याच विरुद्ध आहे." म्हटलं, हो रे बाबा, म्हणूनच मला माहीत आहे ना!

त्या रविवारी आम्ही सात होतो, दोन आठवड्यांनी पुन्हा आठ. त्यानं मला २-१ नं हरवलं. तिसऱ्या डावात माझा शेवटचा फायरब्लास्ट, ज्यासाठी मी दोन डोंगर बळी दिले होते, त्यानं हायड्रोब्लास्टनं विझवला. मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन वहीत त्या रात्री जे लिहिलं ते गेल्या दोन महिन्यांतलं सगळ्यात कामाचं होतं. ब्रिज आल्यावर चार माकडं ठेवण्यात अर्थ नाही, दोन पुरेत. मोकळ्या झालेल्या दोन जागांत काय? खरं ट्यूनिंग इथे सुरू झालं. आधीचे तीन विजय मला काहीच शिकवत नव्हते.

तेव्हा माझं मत असं. लोकल स्पर्धेसाठी डेक जरूर ट्यून करा, अगदी निर्दयपणे करा, माणूस डोळ्यांसमोर ठेवून करा. पण गुपचूप करू नका. जो पत्ता एकाच माणसासाठी टाकलात, त्याचा उतारा त्या माणसाला सामना संपल्यावर स्वतःहून सांगा. पत्ता जास्तीचा असेल तर उसना द्या. आता आमच्याकडे शेवटच्या फेरीनंतर सगळे जण डेक उघडे मांडतात. दुकानदार वैतागतो, कारण त्याला शटर ओढायचं असतं. यात धर्मादाय काही नाही. समोरचा डेक सुधारला नाही तर माझा कशाच्या जोरावर सुधारणार?

असो. एक्सेलमध्ये आता एक कॉलम वाढलाय. विजय, पराभव, अडकलेले पत्ते, आणि शेवटी 'आज किती जण आले'. गेल्या रविवारी तिथे ९ लिहिलं. सेकंड इयरवाल्यानं त्याच्या रूममेटला आणलं होतं. त्याचा डेक पांढरा आहे आणि तो लाइफ वाढवतो, म्हणजे माझ्या सात त्रिक एकवीसचा बट्ट्याबोळ.

शनिवार आहे. जेवणं झालीयेत. आई, हो, उद्या पण जाणारे. :-)